वीतभर वड आणि नगरची थंडी

डिसेंबर उजाडला की राज्यातल्या नीचांकी तापमानाची चौकट वर्तमानपत्रांत छापून येऊ लागते. निफाड, जेऊर, महाबळेश्वर यांच्या पंगतीत नगरचं नाव हमखास असतं. जिल्ह्याचं कागदोपत्री नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालं, तरी थंडी लोकांच्या तोंडी अजून 'नगरची'च आहे. पारा आठ-नऊवर उतरला की शहरातल्या सावेडीत पहाटे फिरायला जाणाऱ्यांच्या कानटोप्या बाहेर निघतात, चहाच्या टपरीसमोर शेकोटी पेटते, शेतावर हुरड्याची आमंत्रणं सुरू होतात. याच दिवसांत नर्सऱ्यांमध्ये एक ठरावीक प्रश्न ऐकू येतो. गिऱ्हाइकाच्या पिशवीत, नाहीतर मोबाइलच्या फोटोत, एक वीतभर झाड असतं. पानं पिवळी पडलेली, निम्मी गळालेली. 'दादा, पावसाळ्यात नेलं होतं तुमच्याकडून. बघा ना, गेलं का हे?' आणि लगेच पुढचं वाक्य, 'पाणी तर रोज घालतोय.'

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा या दुसऱ्या वाक्यातच असतं.

बोन्साय, म्हणजे मराठीत ज्याला वामनवृक्ष म्हणतात ते, गेल्या काही दशकांत महाराष्ट्राच्या घराघरांत शिरलं. मुंबईत ज्योती आणि निकुंज पारेख यांनी ही कला वाढवली आणि शिकवली. पुण्यात २०१८ साली प्राजक्ता काळे यांच्या पुढाकाराने 'बोन्साय नमस्ते' हे मोठं प्रदर्शन आणि परिषद भरली. एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनात बोन्सायच्या मांडणीसमोर आजही गर्दी हटत नाही. तिथून परतताना कोणीतरी एक छोटी तबकडीसारखी कुंडी मांडीवर घेऊन एसटीने नगरला येतं. झाड आणणं सोपं असतं. आणलेलं कोवळं झाड पहिल्या हिवाळ्यातून पार करणं हा खरा धडा आहे, आणि तो शिकवणारी पुस्तकं बहुतेक जपान, इंग्लंड किंवा अमेरिकेच्या हवामानाला धरून लिहिलेली आहेत. त्यांत बर्फ आहे, गोठलेली माती आहे. नगरच्या गच्चीवर यातलं काहीच नसतं. तरी झाडं मरतात.

कारण नगरच्या थंडीचा स्वभाव वेगळा आहे. शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन कुंड्यांपैकी एकीला ही थंडी जास्त होते आणि दुसरीला ती पुरत नाही. दोघींना एकच उपाय केला की एक तरी दगावतेच.

रात्र नऊची, दुपार तिशीची

नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटरवर, पठारावर वसलेलं आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा प्रदेश. वर्षाला पाऊस साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास. दिवाळीनंतर आकाश निरभ्र होतं, हवेतली वाफ कमी होते. ढग आणि वाफ ही रात्रीची पांघरुणं. ती नसली की जमिनीने दिवसभर साठवलेली उष्णता संध्याकाळपासून थेट आकाशात निघून जाते. त्यात उत्तर भारतावरून पश्चिमी प्रक्षोभ पुढे सरकला आणि त्याच्या मागून उत्तरेचे कोरडे वारे आले, की दोन-तीन रात्रींत पारा धाडकन खाली येतो. सीना, प्रवरा, गोदावरीकाठच्या सखल भागांत जड झालेली गार हवा वाहत येऊन साचते, म्हणून एकाच तालुक्यात माळावरच्या गावापेक्षा नदीकाठचं गाव जास्त गारठतं.

भारतीय हवामान विभाग मैदानी भागात थंडीची लाट कधी म्हणतो, याचा निकष ठरलेला आहे: किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली हवं आणि ते सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी घसरलेलं हवं. अशा लाटा इथे नव्या नाहीत. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात १.७ अंशांची नोंद झाली होती. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ पर्यंत उतरला होता. पण पेपरातला आकडा हा वेधशाळेतल्या पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीतला असतो, जमिनीपासून साधारण माणसाच्या छातीइतक्या उंचीवर मोजलेला. उघड्या आकाशाखालचं पान त्याहून गार असतं, कारण ते स्वतःची उष्णता सरळ वर फेकत असतं. वेधशाळेने ९ अंश सांगितले त्या पहाटे गच्चीच्या मध्यावर ठेवलेल्या झाडाची पानं सातावर असू शकतात. तीच कुंडी पत्र्याच्या किंवा सज्जाच्या आडोशाला असेल तर हा फरक बराच कमी होतो. शंभर-दोनशे रुपयांचा साधा तापमापक गच्चीवर लटकवला तर ही गोष्ट आठवडाभरात डोळ्यांनी दिसते.

आणि मग दुपार. त्याच दिवशी एक वाजता पारा २८-३० अंशांपर्यंत जातो, वारा कोरडा असतो. वीस अंशांचा हा झोका रोजचा. बर्फाळ देशातलं झाड डिसेंबरात झोपलेलं असतं. त्याला कोणी उठवत नाही. नगरचं झाड रात्री गारठतं, दुपारी उठतं, परत रात्री गारठतं. कोवळ्या झाडाला खरा त्रास होतो तो या रोजच्या उठबशीचा.

पेमगिरीचा वड आणि तबकडीतला वड

संगमनेर तालुक्यात पेमगिरीच्या किल्ल्याच्या परिसरात एक प्रचंड वड आहे. त्याचा पसारा फुटांत मोजत नाहीत, एकरांत मोजतात. पारंब्या जमिनीत उतरून त्यांचीच खोडं झालेली, मूळ बुंधा कोणता हे शोधावं लागतं. ज्या पेमगडावर शहाजीराजांनी निजामशाहीच्या लहानग्या वारसाला गादीवर बसवून कारभार हाती घेतला, त्याच्या सावलीतलं हे झाड. डिसेंबरातली थंडी या वडालाही लागते. त्याला काहीच होत नाही.

तबकडीतला वीतभर वड हा त्याच जातीचा. मग तो का गळतो? दोघांत फरक मुळांभोवतीच्या मातीचा आहे. जमिनीत हातभर खाली गेलं की दिवस-रात्रीचा फरक जवळजवळ नाहीसा होतो. हिवाळ्याच्या पहाटे विहिरीवर वाफा दिसतात त्या यामुळेच: खोलातलं पाणी वर्षभर साधारण एकाच तापमानाचं, हवाच तेवढी गार. पेमगिरीच्या वडाची मुळं अशा ऊबदार खोलीत आहेत. तबकडीत मात्र माती दोन-तीन इंच. रात्रीच्या हवेचं तापमान काही तासांत मुळांपर्यंत पोचतं. कुंडी बिनझिलईच्या भाजक्या मातीची असेल तर आणखी एक गोष्ट घडते. तिच्या अंगातून पाणी पाझरतं आणि कोरड्या हवेत उडतं, आणि उन्हाळ्यात माठातलं पाणी गार करणारी तीच क्रिया हिवाळ्यात मुळांना गार करते.

थंड मुळं पाणी ओढत नाहीत. उष्ण प्रदेशातल्या झाडांच्या पेशींची आवरणं दहा-बारा अंशांखाली ताठरू लागतात. पाण्याची आत-बाहेर होणारी ये-जा मंदावते. पाणी गोठावं लागत नाही, तेवढा गारठा पुरतो. सकाळी नऊला ऊन पानांवर येतं, पानं पाणी मागतात, मुळं अजून आखडलेली. पान लोंबतं. मालकाला वाटतं तहान लागली. तो पाणी घालतो. ओल्या मातीत आणखी पाणी.

उथळ कुंडीत हे पाणी अधिक घातक होण्याचं कारण मातीच्या तळाशी आहे. पाणी निथळून गेल्यावरही प्रत्येक कुंडीच्या तळाशी एक थर ओलाचिंब राहतो. त्या थराची जाडी मातीचे कण किती बारीक यावर ठरते, कुंडी किती खोल यावर ठरत नाही. फूटभर खोल कुंडीत तो थर तळालाच राहतो, वरची मुळं मोकळा श्वास घेतात. तीन इंचांच्या तबकडीत तोच थर निम्मी जागा व्यापतो. थंड, ओली, हवा नसलेली माती ही मुळं कुजवणाऱ्या बुरशीची आवडती जागा. झाड थंडीच्या नावावर खपतं आणि त्याच्या मुळाशी असतं पाणी.

कोणाला जास्त, कोणाला कमी

नगरच्या घरांत दिसणाऱ्या कुंडीतल्या झाडांची दोन घराणी करता येतात.

पहिलं उष्ण प्रदेशातलं. वड, पिंपळ, उंबर, पिंपरण, बाजारात 'चायनीज फायकस' म्हणून मिळणारी बारीक पानांची जात, चिंच, बोगनवेल, ॲडेनियम, जाड रसाळ पानांचं जेड. यांना थंडीची गरज नाही. ती सोसायची असते. यांच्यातही फरक आहे. ॲडेनियम आणि जेड पाणी खोडात-पानांत साठवतात, म्हणून हिवाळ्यात यांना अगदी कमी पाणी लागतं. ॲडेनियमची फुगीर मान डिसेंबरात मऊ पडली तर ती हमखास जास्त पाण्यानेच. बोगनवेलीला कोरडेपणा मानवतो, उलट त्यानेच ती फुलते. उंबर वर्षात एकाहून अधिक वेळा पानं टाकतो, पिंपळ हिवाळ्याच्या शेवटी टाकतो. तेव्हा प्रत्येक पानगळ ही मरणाची खूण नव्हे. बारीक पानांचं फायकस तर जागा बदलली तरी रुसून पानं गाळतं. घाबरून त्याला पुन्हा दुसरीकडे हलवलं की उरलेलीही गाळतं.

दुसरं घराणं थंड प्रदेशातलं. ज्युनिपर, पाइन, मॅपल. प्रदर्शनांत बोन्सायचं चित्र म्हणून जे झाड मनात बसतं ते बहुधा ज्युनिपर असतं, आणि म्हणूनच ते विकत घेतलं जातं. या झाडांना हिवाळ्यात खरी झोप हवी असते. सात अंशांखालचे शेकडो तास मिळाले तर वसंतात त्यांच्या डोळ्यांतून जोमाने फूट येते. नगरची रात्र काही दिवस, काही तास तिथपर्यंत जाते आणि दुपार ती मोडून टाकते. म्हणजे ज्या थंडीने वड आखडतो ती ज्युनिपरला अपुरी पडते. मायेने कोणी ज्युनिपरला घरात, दिवाणखान्याच्या टेबलावर आणून ठेवलं तर उरलेली थंडीही हिरावली जाते आणि ऊनही. ज्युनिपर मग हळूहळू मरतो, आणि मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवाच दिसतो. तपकिरी पडतो तेव्हा फेब्रुवारी-मार्च उजाडलेला असतो आणि दोष उन्हाळ्यावर जातो.

जपानमध्ये टोकियोजवळ ओमिया इथे बोन्सायवाल्यांचं एक गावच आहे. १९२३च्या भूकंपानंतर टोकियोतून बाहेर पडलेल्या माळ्यांनी ते १९२५ मध्ये वसवलं. १९८९ची पहिली जागतिक बोन्साय परिषद तिथेच भरली. तिथल्या हिवाळी रात्री शून्याच्या आसपास जातात आणि झाडं बाहेरच असतात. नाजूक तेवढी गार आडोशात ठेवतात, ऊब मात्र कोणालाच देत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक पांढरा पाइन आहे. १६२५ पासून तो कुंडीत आहे, हिरोशिमाच्या अणुबाँबमधून वाचला आणि १९७६ मध्ये यामाकी कुटुंबाने अमेरिकेला भेट दिला. इतके हिवाळे त्याने कुंडीत काढले ते थंडीपासून लपून नव्हे. ती त्याच्या हाडाची होती म्हणून. नगरच्या वडाला हा नियम लावायचा नाही आणि नगरच्या वडाचा नियम ज्युनिपरला लावायचा नाही.

उलटा प्रवास न्यू जर्सी-शिकागोकडच्या मराठी घरांत पाहायला मिळतो. तिथे कढीपत्ता हेच कुंडीतलं लाडकं झाड. सप्टेंबर-ऑक्टोबरात रात्र दहा अंशांखाली जायला लागली की कढीपत्त्याची आणि तुळशीची कुंडी घरात येते, दक्षिणेच्या खिडकीशी बसते, पाणी निम्म्याहून कमी होतं, पानं गळाली तरी कोणी घाबरत नाही. मे महिन्यात कुंडी परत बाहेर. या घरांनी बोन्सायचं पुस्तक वाचलेलं नसतं. पण उष्ण प्रदेशातल्या झाडाने थंडी कशी काढायची याचा नियम त्यांना पाठ झालेला असतो.

बागाइतदाराला विचारावं

नगर जिल्ह्याला थंडीत झाड सांभाळण्याची विद्या बाहेरून आणायची गरज नाही. ती रानात आहे. फक्त कुंडीला त्यातलं काय लागू पडतं आणि काय नाही, हे निवडून घ्यावं लागतं.

द्राक्षबागांमध्ये घडांत पाणी भरण्याच्या काळात पारा सात-आठवर गेला की मणी तडकतात. निफाडपासून राहाता-संगमनेरपर्यंतचे बागाइतदार मग पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, धूर धरतात आणि पहाटेच्या सुमारास पाणी देतात. ओली जमीन कोरडीपेक्षा जास्त उष्णता धरते आणि खालची ऊब वर पोचवते. शिवाय विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं. हे ऐकून कोणी संध्याकाळी कुंडी भिजवली तर फसगत होते. वेलाखाली कित्येक फूट ऊबदार जमीन आहे, ओलीला तिथून ऊब वर आणायची असते. तबकडीखाली काहीच नाही. तिथे संध्याकाळचं पाणी म्हणजे रात्रभराची गार ओल. कुंडीला पाणी सकाळी दहाच्या पुढे, ऊन चढल्यावर, आणि तेही माती बोटभर कोरडी झाली असेल तरच. गच्चीवरच्या टाकीचं पहाटेचं पाणी तर नकोच. बोअरचं ताजं पाणी त्याहून कोमट असतं. बोअरच्या पाण्यात क्षार फार असतील तर कुंडीच्या काठावर पांढरी पुटं चढतात, मग मधूनमधून साठवलेल्या पावसाच्या किंवा गोड्या पाण्याने माती धुऊन काढावी लागते. तेही दुपारी.

दुसरी गोष्ट आडोशाची. आंब्याचं नवं रोप लावलं की पहिल्या हिवाळ्यात त्याच्या भोवती कडब्याची किंवा तुरीच्या काड्यांची खोप करायची जुनी रीत आहे. तिन्ही बाजूंनी आणि वरून झाकायचं, आग्नेयेची बाजू उघडी ठेवायची, म्हणजे सकाळचं ऊन आत येतं आणि उत्तरेचा वारा अडतो. कुंडीला ही रीत जशीच्या तशी लागू पडते. पूर्वेची किंवा दक्षिणेची भिंत निवडायची. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब सोडते. कुंडी फरशीवर न ठेवता लाकडी पाटावर किंवा विटांवर ठेवायची. फारच कडाका असेल त्या रात्री बांबूच्या चार काड्यांवर जुनं धोतर, चादर किंवा गोणपाट टाकायचं, पानांना न टेकवता, आणि सकाळी आठला काढून घ्यायचं. प्लास्टिकची पिशवी पानांना चिकटली तर तिथे दव साचतं आणि पान काळं पडतं.

तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची, आणि तिचं नाव आहे ताण. डाळिंबाचा आंबे बहार धरायचा तर बागाइतदार आधी पाणी तोडतो. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी जमिनीत त्याहून जास्त. झाड वाढ थांबवतं, पानं पिवळी होतात, गळतात. अनोळखी माणसाला वाटेल बाग गेली. मग हलकी छाटणी, खत, पाणी; आणि जानेवारी-फेब्रुवारीत झाड फुलांनी लाल होतं. श्रीगोंद्याच्या लिंबू बागाइतदारालाही हीच भाषा कळते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने १९६८ पासून या भागातल्या फळझाडांवर काम केलं आहे, तिथे तर ताण हा अभ्यासाचा विषयच आहे.

बोन्सायवाल्याने हिवाळ्यात नेमकं हेच करायचं असतं, फक्त मापाने. डाळिंबाच्या मुळांना खोल मातीत ओलीचा साठा असतो, म्हणून महिनाभर पाणी तोडलेलं चालतं. तबकडीत तो साठा नाही. तिथे ताण म्हणजे पाणी बंद नव्हे. पाण्याच्या दोन पाळ्यांमधलं अंतर वाढवायचं. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी पिणारा वड डिसेंबरात दोन-तीन दिवसांनी पितो, ॲडेनियम दोन-तीन आठवड्यांनी. घड्याळाने पाणी देणाऱ्याचं झाड मरतं, बोटाने माती चाचपणाऱ्याचं जगतं.

किल्ल्यातली खराब माती

माती कशी हवी यासाठी नगरच्याच किल्ल्यात एक दाखला आहे. ऑगस्ट १९४२ ते मार्च १९४५ या काळात जवाहरलाल नेहरू इथे स्थानबद्ध होते. 'भारताचा शोध' हे पुस्तक त्यांनी इथेच लिहिलं, आणि बागकामही केलं. तिथल्या जमिनीबद्दल त्यांनी लिहून ठेवलं आहे की ती दगडगोट्यांची, जुन्या बांधकामांच्या राडारोड्याने भरलेली होती. फुलांचे वाफे करणाऱ्याला अशी जमीन नकोशीच. बोन्सायवाला मात्र तिच्यावर खूश झाला असता. त्याला चाळलेला विटांचा चुरा, जाड वाळू, मुरमाचे खडे आणि थोडं कुजलेलं शेणखत एवढंच हवं असतं. जपानी लोक यासाठी भाजल्यासारखी कणीदार माती वापरतात. आपल्याकडे मऊ भाजलेली वीट ते काम बऱ्यापैकी करते. नगरची काळी माती कपाशी-ज्वारीला सोनं असेल, तबकडीत ती घातली की हिवाळ्यात आठवडाभर वाळत नाही. नर्सरीतून आणलेल्या बऱ्याच कोवळ्या बोन्सायच्या मुळांभोवती अशाच चिकट मातीचा गोळा असतो. तो बदलायचा, पण हिवाळ्यात नाही.

दिवाळी ते शिवरात्र

दिवाळी हा मोक्याचा काळ आहे. पावसाळ्यानंतर झाडाला नवी पालवी आलेली असते आणि सणाच्या सफाईत हौसेने खत घालावंसं वाटतं. नत्राचं खत दिवाळीनंतर थांबवावं. खताने फुटलेली ऑक्टोबर-नोव्हेंबरची पालवी डिसेंबरात पहिली काळी पडते. मुळांना हात लावायचा नाही, कुंडी बदलायची नाही, मोठी छाटणी करायची नाही. कापलेली जागा भरून यायला वाढीची ऊब लागते आणि ती येते फेब्रुवारीत. रोज थोडं-थोडं करत कुंडी हिवाळ्याच्या जागी सरकवावी, एकदम नव्हे.

मार्गशीर्षात, धनुर्मासात थंडी पूर्ण भरात असते. या दिवसांत झाडाकडे रोज बघायचं आणि बहुतेक दिवस काहीही करायचं नाही. हेच नवशिक्याला सर्वांत जड जातं. बघायचं ते एवढंच: पानाच्या मागे कोळ्याची बारीक जाळी आहे का, फांदीच्या बेचक्यात पिठ्या ढेकणाचा पांढरा कापूस आहे का, खोडाला खवले किडे चिकटलेत का. कोरड्या थंड हवेत, त्यातही घरात आणलेल्या झाडावर, यांचं फावतं. ओल्या कापसाने पुसून काढलं तरी बरंच काम होतं.

पानं गळालीच तर झाड जिवंत आहे की नाही हे नखाने कळतं. फांदीच्या टोकाकडून सुरुवात करून सालीवर हलकी खरवड करायची. खाली हिरवं आणि ओलसर दिसलं तर फांदी जिवंत. तपकिरी आणि कोरडं असेल तर बुंध्याकडे सरकत जायचं. बुंध्यापाशी हिरवं सापडलं तरी आशा आहे. अशा झाडाला सकाळचं ऊन, वाऱ्यापासून आडोसा आणि अगदी बेताचं पाणी. खत, औषध, कुंडीबदल यांतलं काहीही त्या वेळी देणं म्हणजे तापात असलेल्याला पुरणपोळी वाढणं. माती कुबट वास मारत असेल आणि मुळं बोटाने दाबल्यावर साल सुटून येत असेल, तरच नाइलाजाने झाड उपसावं, कुजलेली मुळं कापावीत आणि विटांच्या कोरड्या चुऱ्यात बसवावं.

संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात, पण झाड लगेच त्यावर विश्वास ठेवत नाही. जानेवारीच्या शेवटी, क्वचित फेब्रुवारीतही एक गारठा येऊन जातो, आणि संक्रांतीच्या उत्साहात आडोसा काढणाऱ्यांना तोच गाठतो. महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' करत जाते, ही म्हण या कामासाठी पंचांगाइतकीच उपयोगाची आहे. त्या सुमाराला वडाच्या टोकावरचा तांबूस डोळा फुगायला लागतो, पिंपळाला कोवळी पानं येतात. मग कुंडी बदलावी, मुळं छाटावीत, खत सुरू करावं. तेव्हाच केलेलं सगळं झाडाला लागतं.

पहिलं झाड कोणतं?

एवढं सगळं सांभाळून नवं झाड पहिल्या हिवाळ्यातून निघालं की पुढचे हिवाळे त्याला सोपे जातात. खोड जाड होतं, साठा वाढतो, मुळं कुंडीला सरावतात. त्यामुळे पहिलं झाड निवडतानाच निम्मी लढाई जिंकलेली किंवा हरलेली असते. ज्युनिपर देखणा आहे, पण नगरमध्ये तो दर वर्षी अर्धवट झोपेत उन्हाळ्याला सामोरा जातो. आपल्या माळावरची, देवळाच्या भिंतीतून उगवणारी झाडं मात्र हा वीस अंशांचा झोका पिढ्यान्‌पिढ्या खात आली आहेत. जुन्या वाड्याच्या पन्हाळीत, बुरुजाच्या फटीत मूठभर मातीवर जगणारा पिंपळ हा निसर्गानेच केलेला वामनवृक्ष आहे. संरक्षित वास्तूंवरून तो काढू नये, पण पाडकामाला निघालेल्या घराच्या भिंतीतला मागून आणायला हरकत नाही. फेब्रुवारीत काढला तर तो बहुधा लागतो.

आणखी एक काम नर्सरीवाल्यांचं आहे. जिल्ह्यात डाळिंबाच्या रोपाबरोबर लागवडीची माहिती मिळते, कांद्याच्या बियाणाबरोबर मिळते. पाचशे-हजार रुपयांच्या बोन्सायबरोबर मिळते ती फक्त किमतीची चिठ्ठी. त्याच चिठ्ठीच्या मागे तीन ओळी छापल्या तरी पुष्कळ झालं: हे झाड थंड प्रदेशातलं की उष्ण; हिवाळ्यात पाण्याच्या दोन पाळ्यांत अंतर किती; कुंडी बदलायचा महिना कोणता. 'पाणी तर रोज घालतोय' हे वाक्य मग डिसेंबरात कमी ऐकू येईल, आणि गिऱ्हाईक पुढच्या पावसाळ्यात दुसरं झाड न्यायला परत येईल.